नर्सची बॅग हेच तिचं दुकान: बॅग लावायची कशी आणि त्यातून धंदा शोधायचा कसा



"सगळ्यांसाठी माल बनवू नका, एक पेशा पकडा." हे वाक्य मी प्रत्येक बॅचमध्ये सांगते. त्यावर लगेच प्रश्न येतो, "मॅडम, पेशा पकडायचा म्हणजे नेमकं करायचं काय?" व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून आज एकच पेशा घेऊन नीट लिहिते. पेशा आहे नर्सचा आणि वस्तू आहे तिची रोजची कामाची बॅग.

माझं नाशिकमध्ये बॅगांचं दुकान आहे. काउंटरवर उभं राहिलं की एक गोष्ट कळते. बाकीचे लोक बॅग बघताना रंग विचारतात, किंमत विचारतात. नर्स बॅग उघडते, आत हात घालते आणि कप्पे मोजते. कारण घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या सिस्टरसाठी बॅग म्हणजेच दुकान असतं. माल त्यात, हिशोब त्यात, इज्जत पण त्यातच. पेशंटच्या घरी पोचल्यावर कात्री सापडली नाही, तर ती "जरा थांबा, गोडाऊनमधून आणते" असं म्हणू शकत नाही.

हा लेख दोघांसाठी आहे. स्वतःची होम नर्सिंग सेवा सुरू करणाऱ्यांसाठी, आणि बॅग, पाऊच शिवून विकायचा विचार करणाऱ्यांसाठी. दोघांनाही सांगायची गोष्ट एकच: बॅग वस्तूंच्या आकाराप्रमाणे लावायची नसते, हाताच्या क्रमाप्रमाणे लावायची असते. हा क्रम कळला नाही तर सिस्टरचा वेळ जातो आणि बॅग बनवणाऱ्याचं भांडवल जातं.

आधी ग्राहक कोण ते ठरवा

"नर्ससाठी बॅग" असं म्हटलं की काम सोपं वाटतं. पण नर्स हा एकच ग्राहक नाही.

वॉर्डमधली नर्स: तिचं कामाचं सामान हॉस्पिटलमध्येच असतं. बॅगेत डबा, पाण्याची बाटली, कपड्यांचा जोड, चपला. कामाच्या वेळी तिला लागतो तो खिसा किंवा कमरेचा पाऊच.

नर्स प्रॅक्टिशनर: हा हुद्दा मूळचा अमेरिकेतला. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याचं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. तिकडची नर्स प्रॅक्टिशनर पेशंट तपासते, निदान करते, औषधंही लिहून देते. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. या नर्सचं काम आयसीयूत असतं. स्टेथोस्कोप, छोटी टॉर्च, कात्री, पेन, डोस मोजायला कॅल्क्युलेटर आणि खिशात मावणारी वही, एवढं अंगावर राहिलं की झालं.

गावातली एएनएम सिस्टर: तिच्याकडे रजिस्टरं असतात, तीही लांबरुंद. लसींसाठी आइसपॅक घातलेला वेगळा कॅरियर असतो. लस साध्या बॅगेत जात नाही.

घरी जाऊन सेवा देणारी सिस्टर: सकाळी उपाशीपोटीची शुगर, मग कोणाला इन्सुलिन, कोणाचं ड्रेसिंग, कोणाचा कॅथेटर, कोणाचं बीपी. स्कूटीवरून एका कॉलनीतून दुसऱ्या कॉलनीत. बॅग हे जिचं खरंच दुकान आहे ती हीच. आज आपण हिची बॅग लावू.

पहिला नियम: तीन जगं वेगळी ठेवा

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात "बॅग टेक्निक" नावाचा धडा असतो. घरभेटीला गेल्यावर बॅग कशी ठेवायची, कशी उघडायची, याची ठरलेली पद्धत. थोडक्यात अशी: बॅग थेट जमिनीवर किंवा पलंगावर ठेवायची नाही. टेबल किंवा खुर्चीवर कागद पसरायचा, त्यावर बॅग. आधी फक्त हात धुण्याचं सामान बाहेर काढायचं. हात धुतल्यावरच आतल्या सामानाला हात लावायचा. लागेल तेवढंच काढायचं आणि बॅग बंद करायची. काम संपलं, वापरलेलं सामान साफ केलं, परत हात धुतले, की मगच बॅग उघडून सामान जागेवर ठेवायचं.

यात किती शहाणपण आहे बघा. एका घरातले जंतू दुसऱ्या घरात नेणारी गाडी होण्यापासून ही पद्धत बॅगेला वाचवते. पलीकडच्या घरात साखरेमुळे पायाची जखम भरत नसलेले आजोबा बसलेले असतात. त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

यावरून बॅगेचे तीन भाग ठरतात.

* स्वच्छ भाग: ग्लोव्हज, गॉज, सिरिंज, सीलबंद सामान. मधला, झिपने बंद होणारा कप्पा.
* वापरलेल्या सामानाचा भाग: साफ करायची उपकरणं, गुंडाळून आणलेला ॲप्रन. याला वेगळी झिप हवी, मधल्या कप्प्याशी आतून कुठेही जोडलेली नको.
* स्वतःचा भाग: मोबाइल, पैसे, चावी, डबा. तोही वेगळा.

साबण, नॅपकिन, सॅनिटायझर आणि पसरायचा कागद यांची जागा बाहेरच्या खिशात. का? कारण ते हात धुण्याआधी लागतात. ते आत ठेवले तर न धुतलेला हात रोज स्वच्छ कप्प्यात जाणार. बघा, इथे कप्प्याची जागा वस्तूने नाही, क्रमाने ठरली.

दुसरा नियम: वस्तूंचा नाही, कामाचा पाऊच

बहुतेक जण एका कप्प्यात सगळ्या सिरिंज, दुसऱ्यात सगळे गॉज, तिसऱ्यात सगळ्या चिकटपट्ट्या ठेवतात. दुकानाच्या रॅकसाठी हे बरोबर आहे, बॅगेसाठी नाही. एका ड्रेसिंगला मग चार कप्पे उघडायला लागतात.

त्यापेक्षा एक काम, एक पाऊच. शुगरचा पाऊच: ग्लुकोमीटर, स्ट्रिपची डबी, लॅन्सेट, स्पिरिट स्वॅब. ड्रेसिंगचा पाऊच: ग्लोव्हज, गॉज, बँडेज, चिकटपट्टी, कात्री. बीपीचा पाऊच: बीपी मशीन, स्टेथोस्कोप, जादा सेल. इंजेक्शनचा पाऊच वेगळा. पेशंटकडे गेलं की लागतो तोच पाऊच बाहेर येतो.

हिशोब करून बघा. समजा प्रत्येक घरी शोधाशोधीत ४ मिनिटं जातात. दिवसाला ७ घरं म्हणजे २८ मिनिटं. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७२८ मिनिटं, म्हणजे १२ तासांहून जास्त. एवढ्या वेळात किती व्हिजिट झाल्या असत्या, हे ज्याचं त्याने मोजावं.

पाऊच वेगळे ओळखू यावेत म्हणून रंग द्यायचे, हे सगळ्यांना सुचतं. पण इथे थांबा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे नर्सच्या डोक्यात रंगांचे अर्थ पक्के बसलेले असतात. रक्त लागलेला कापूस, ड्रेसिंग पिवळ्यात. नळ्या, ग्लोव्हज, सुई काढलेल्या सिरिंज लाल रंगात. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात. काच निळ्यात. आता तुम्ही हौसेने स्वच्छ ड्रेसिंगचा पाऊच पिवळा शिवला, तर कापड कितीही भारी असो, तो बघताक्षणी सिस्टरला कचरा आठवणार. म्हणून हिरवा, जांभळा, राखाडी असे रंग घ्या, किंवा समोरची बाजू पारदर्शक ठेवा आणि वर मराठीत ठळक नाव. ग्राहकाचा पेशा समजून घ्यायचा तो अशा गोष्टींसाठी.

तिसरा नियम: काय न्यायचं नाही ते ठरवा

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एक सिस्टर मोठी बॅग दाखवली की हातच लावत नाहीत. म्हणतात, "ताई, मोठी नको. मोठी घेतली की मी ती भरतेच."

शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, असं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. मोठ्या माणसाच्या बॅगेला असं कोणी सांगत नाही. खांदा दुखायला लागला की मगच कळतं.

वजन कमी करायचे साधे मार्ग आहेत. सॅनिटायझरची अर्ध्या लिटरची बाटली घरी ठेवा, बॅगेत १०० मिलिलिटरची, रोज भरून घ्यायची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. अर्ध्या लिटरची बाटली घ्या आणि वाटेत भरा. ग्लोव्हजचा पूर्ण डबा नको, दिवसाचे जोड मोजून अधिक दोन जादा.

सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे नेहमीच्या पेशंटचं सामान त्याच्याच घरी ठेवणं. इन्सुलिन त्यांच्या फ्रिजमध्ये. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि बर्फ होऊ द्यायचं नाही. त्याचं ड्रेसिंगचं सामान एका झाकणाच्या डब्यात, डब्यावर नाव. शक्यतो ग्लुकोमीटरही त्याचा त्यालाच. लॅन्सेट तर कधीच दुसऱ्याला वापरायचं नाही. त्यामुळे बॅग हलकी होते, सामानाचा खर्च पेशंटच्या हिशोबात स्पष्ट दिसतो आणि जंतू पसरायचा धोकाही कमी होतो.

चौथा नियम: चार नाजूक वस्तूंना पक्की जागा

सुया. वापरलेली सुई परत टोपणात घालायची नाही, तिथल्या तिथे न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. डबा पाऊण भरला की बंद. तो भरलेला डबा कुठल्या हॉस्पिटलला किंवा क्लिनिकला द्यायचा, हे सेवा सुरू करण्याआधीच ठरवा. घंटागाडीत टाकायचा नाही, तिथे काम करणाऱ्या माणसाच्या हाताला सुई लागते. बॅगेत या डब्याला उभा, घट्ट कप्पा हवा.

स्ट्रिप. शुगरच्या स्ट्रिप त्यांच्याच डबीत, झाकण घट्ट लावून. उष्णता आणि दमट हवा लागली की आकडा चुकू शकतो. एप्रिल-मे मध्ये स्कूटीची डिकी तापते, तेव्हा स्ट्रिप डिकीत ठेवून जायचं नाही. सॅनिटायझरही नाही, तो पेट घेणारा पदार्थ आहे.

कागद. डॉक्टरांची लेखी सूचना, पेशंटची नोंदवही, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची प्रत, ओळखपत्र. पाठीच्या बाजूला सपाट, पाणी न शिरणारा कप्पा. लेखी सूचना नसेल तर इंजेक्शन नाही, हा नियम कागद हाताशी असला तरच पाळला जातो.

पैसे. व्हिजिटचे पैसे सामानात मिसळू नका. वेगळा छोटा पाऊच आणि त्यातच पावतीपुस्तक. क्यूआर कोडचं कार्ड बाहेरच्या खिशात ठेवा.

रात्रीची १० मिनिटं

दुकान बंद करताना आपण गल्ला मोजतो आणि संपलेल्या मालाची यादी करतो. बॅगेचंही तेच. प्रत्येक पाऊचमध्ये पोस्टकार्डाएवढं लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवा: वस्तू आणि किमान संख्या. उदाहरणार्थ, ग्लोव्हज ६ जोड, गॉज ८ पाकिटं, लॅन्सेट १०. रात्री कार्ड बघून भरायचं. आधी एक्स्पायर होणारा माल पुढे, नंतरचा मागे. किराणा दुकानात आपण हेच करतो. स्टेथोस्कोप आणि बीपीचा पट्टा पुसणं पेशंटगणिक चालूच असतं. आठवड्यातून एकदा बॅग पूर्ण रिकामी करून अस्तर पुसायचं.

सकाळी घाईत भरलेली बॅग आणि रात्री शांतपणे भरलेली बॅग यातला फरक तिसऱ्या घरी कळतो. सिस्टरने मागितल्यासारखी बॅगेतून वस्तू हातात आली, की घरातल्या माणसांना न सांगता कळतं, बाई कामाची पक्की आहे. पुढचा पेशंट त्यांच्याच ओळखीतून येतो. तिची जाहिरात हीच.

आता बॅग बनवणाऱ्यांसाठी

वरचं सगळं वाचल्यावर डिझाइन अर्धं झालंच. पण कापड कापण्याआधी नमुन्यावर पाच टेस्ट करा.

१. पुसण्याची टेस्ट: अस्तराच्या एका तुकड्यावर स्पिरिट, दुसऱ्यावर एक टक्का हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र मिसळायचे नाहीत, घातक वायू होतो. रोज दहा वेळा, आठवडाभर पुसा. रंग सुटतो का, थर निघतो का, तडे जातात का? स्वस्त रेक्झिन इथेच उघडं पडतं.

२. झिपची टेस्ट: हायपोक्लोराइटने धातू गंजतो, म्हणून नायलॉनची कॉइल झिप बरी. मुख्य कप्प्याला ८ नंबर, पाऊचना ५ नंबर. रनर एका हाताने सरकला पाहिजे, दुसरा हात पेशंटचा असतो.

३. उभं राहण्याची टेस्ट: बॅग भरून खुर्चीवर ठेवा, झिप उघडा. आडवी झाली तर नापास. तळाला कडक शीट हवी.

४. पावसाची टेस्ट: आत कोरडा पेपर घालून वरून दोन बादल्या पाणी ओता. कापड वॉटरप्रूफ असलं तरी शिलाईच्या भोकांतून पाणी शिरतं. रेनकव्हर सोबतच द्या.

५. अंधाराची टेस्ट: काळं अस्तर टाळा. फिकट अस्तरावर सुईचं टोपणही दिसतं आणि डागही दिसतो. डाग लपता कामा नये, दिसलाच पाहिजे.

आता खर्च. हे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत, दर तुमच्या बाजारातले घ्या. समजा कापड आणि अस्तर २६० रुपये, झिप-रनर-बकल-पट्टा १४०, फोम आणि शीट ४०, सहा पाऊच १८०, शिलाई २२०, पॅकिंग २०. झाले ८६०. त्यावर ५ टक्के वाया जाणारा माल, ४३. एकूण ९०३. विक्री १,२५० ला केली तर हातात ३४७ उरतात. पण त्यातून तुमचं पेट्रोल, दुरुस्तीला परत आलेली बॅग आणि उधारी जायची आहे, हे विसरू नका.

पहिला लॉट १० बॅगांचा, म्हणजे ९,०३० रुपये. "१०० काढल्या तर स्वस्त पडतील" असं कारागीर म्हणेल. याच हिशोबाने ते ९०,३०० होतात, आणि कप्पा चुकीच्या जागी असेल तर शंभरही बॅगांत तो चुकीच्याच जागी असतो. १० बॅगा १० सिस्टरना द्या, पावसाळ्याचा एक महिना वापरू द्या. कुठली शिलाई उसवली, कुठला कप्पा रिकामाच राहिला ते लिहून घ्या. मग पुढचा लॉट.

बॅग एकदा घेतली की दोन-तीन वर्षं ग्राहक परत येत नाही. पाऊच मात्र रोज पुसून, उघडून लवकर झिजतात. सुटे पाऊच, रेनकव्हर, लॅमिनेट कार्डांचा संच या गोष्टी परत परत विकल्या जातात. धंदा तिथे टिकतो.

आणि एक विनंती. "जंतूविरहित बॅग", "इन्फेक्शन होणार नाही" असं लेबलवर छापू नका. बॅग जंतू मारत नाही. हात धुण्याची सवय आणि बॅग टेक्निक हे काम करतात. तुमची बॅग ते काम सोपं करते, एवढंच लिहा. तेवढंच खरं आहे आणि तेवढ्यावर बॅग विकली जाते.

या आठवड्याचं काम

ओळखीतल्या एका सिस्टरला विचारून, तिला वेळ असेल तेव्हा, तिची बॅग टेबलावर रिकामी करायला सांगा. पेशंटचे कागद बघायचे नाहीत, फोटोत नावं येऊ द्यायची नाहीत. फक्त तीन गोष्टी लिहा: सगळ्यात आधी हात कुठे जातो, कुठली वस्तू शोधायला लागते आणि कुठली वस्तू महिनाभर वापरलेलीच नाही. एका पानात मावेल एवढं होईल. ते पान हेच तुमचं पहिलं डिझाइन.

नर्स नको असेल तर वायरमन घ्या, ब्युटीशियन घ्या, पूजा सांगायला जाणारे गुरुजी घ्या. प्रत्येकाच्या पिशवीत हाताचा एक क्रम असतो. तो लिहून काढा आणि आपल्या ग्रुपवर टाका. पुढच्या भागात त्यातल्या एका पिशवीचं कॉस्टिंग आपण सगळे मिळून करू. भेटूया!